न उचललेला बटाटा

पेशंट खोटं बोलतोय असं वाटलं की मी त्याची नखं बघते. तोंडाने तो काहीही सांगो. "रोज करतो हो मॅडम व्यायाम," असं छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या एका हाताच्या नखांत हळद, माती, ग्रीस, काही ना काही सापडतंच. दुसऱ्या हाताची नखं मात्र लग्नाला निघाल्यासारखी स्वच्छ असतात. मग समजायचं, हा हात घरी नुसता मांडीवर बसून असतो.

माझा धंदाच संशयाचा. लकव्याच्या झटक्यानंतर निकामी झालेला हात पुन्हा कामाला लावणं हे माझं काम. कागदावर मला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. जळगावात लोक हाताच्या मॅडम म्हणायचे. मालिशवाली बाई म्हणणारेही होते, त्यांच्यावर रागावणं मी केव्हाच सोडून दिलं.

लोकांना वाटतं, हात बिघडला. हात बिघडलेला नसतो. बिघाड डोक्यात असतो. मेंदूकडून हाताकडे येणारा रस्ता खचतो, आणि मग शेजारून नवी पायवाट पाडावी लागते. पायवाट काय, चालून चालूनच पडणार. म्हणून तीच मूठ उघडायची, तोच पेला धरायचा, तोच सोडायचा, पुन्हा धरायचा. याचा भयंकर कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस लबाडी करतो. हात वर करा म्हटलं की तो खांदा उचलतो, कमरेतून तिरका होतो, आणि हात वर गेला असं समजून खूश होतो. घरचे टाळ्या वाजवतात. मी खांदा दाबून धरते आणि सगळ्यांच्या आनंदावर पाणी टाकते. या कामात मी फारशी कोणाची लाडकी झाले नाही, त्याचं कारण हे.

जळगावची नोकरी संपली आणि धुळ्याच्या एका खाजगी केंद्रातून बोलावणं आलं. एरंडोल, पारोळा करत एसटीने जायचं, संध्याकाळी परत. केंद्राचे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे, हुशार, आणि यंत्रांवर त्यांचा भारी जीव. एके दिवशी त्यांनी एक खोकं उघडलं. आतून डोळ्यांवर बांधायचा काळा डबा निघाला. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. पेशंटच्या डोळ्यांवर हा डबा चढवला की समोरची भिंत, मी, नातेवाईक सगळे गायब. त्याला दिसते एक वेगळीच खोली, आणि त्या खोलीत त्याचे स्वतःचे हात. डब्याचे कॅमेरे खरे हात बघत असतात, त्याबरहुकूम आतले हात हलतात. फुगे फोडा, फळं तोडा, भांडी लावा, आणि वर गुण मिळवा. "मॅडम, आता कंटाळा हा विषयच संपला," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, बघू.

डब्यावर माझा पहिल्यापासून फारसा विश्वास नव्हता, आणि होता तेवढा सोनगीरच्या नानांनी पार घालवला. नाना म्हणजे माळ्याचं काम केलेला उंच, हाडापेराने दणकट म्हातारा. उजवा हात गेलेला. डब्यात एक सोय होती, चांगल्या हाताची हालचाल आजारी हातालाही दाखवायची. मेंदूला जरा भुलवायचं म्हणजे तो पुन्हा प्रयत्न करू लागतो, अशी त्यामागची कल्पना. कल्पना वाईट नाही, आरसा ठेवून आम्ही तेच वर्षानुवर्षं करत आलो. पण आरशात तो आरसा आहे हे समोर दिसतं तरी. नानांनी डबा चढवला, डावा हात हलवला, आणि आत दोन्ही हात हलले.

"ताई वं, मना हात उना!" नाना ओरडले. माझा हात आला! रडायलाच लागले. मी घाईने डबा काढला. उजवा हात मांडीवर होता तसाच पडलेला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तठे चालस, आठे काबर नही?"

तिथे चालतो, मग इथे का नाही? याचं उत्तर मला देता आलं, पण ते नानांना पुरलं नाही. पुढच्या वेळी आले ते दारातूनच म्हणाले, डबा नको, तू हात धर. मी धरला. त्या दिवसापासून त्या काळ्या डब्याकडे मी, गोड बोलणाऱ्या पाहुण्याकडे बघावं, तशी बघत असे.

अशात कंचनअक्का आल्या. धुळ्याच्या जुन्या गावात, नंबरच्या गल्ल्या आहेत त्यांतल्या एका गल्लीत, यांचं कापडाचं दुकान आणि वर घर. मूळचे मारवाडचे, जैन. अक्कांच्या सासऱ्यांच्या आधीपासून इथले, त्यामुळे घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि माझ्याशी मराठी. झटक्याने डावा हात आणि थोडा डावा पाय गेलेला. सोबत सून संगीता. मुलगा दुकानावर.

काय काय करता यायला हवं, हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारते. कोणी बटण म्हणतं, कोणी मोटरसायकल. अक्का म्हणाल्या, "गोचरी द्यायची शे. माझ्या हातानं."

त्यांच्या साध्वी चातुर्मासात गावात मुक्काम करतात आणि घरोघर जाऊन थोडं थोडं अन्न घेतात, ती गोचरी. केव्हा येणार ते सांगत नाहीत, आणि त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम रांधलेलं घेत नाहीत. डाव्या हातात भांडं, उजव्या हातात पळी, आणि त्यांच्या लाकडी पात्रात वाढायचं. वाढताना एक थेंब जमिनीवर सांडला की संपलं. खाली किडामुंगीला इजा होते म्हणून साध्वी त्या घरचं काहीही न घेता परत फिरतात. अक्का सून म्हणून त्या घरात आल्यापासून साध्वी त्या दारातून रिकाम्या परतल्या नव्हत्या. आता डाव्या हातात वाटीसुद्धा ठरत नव्हती, आणि चातुर्मास तोंडावर होता.

"होईल?" अक्कांनी विचारलं.

"बघू," मी म्हटलं. हा माझा आवडता शब्द.

हात मेहनतीने उघडू लागला. मुठीतून अंगठा बाहेर आला, बोटं सुटी झाली. मग डॉक्टर म्हणाले, आता डबा. अक्कांना त्यांनी स्वतः समजावलं. "अक्का, तुम्ही काय करता ते सगळं यात रेकॉर्ड होतं, काहीच लपत नाही." आणि मी म्हटलं, आत दिसेल ते खरं समजून उचला, तरच हात सुधारतो. ही दोन्ही वाक्यं लक्षात ठेवा.

खेळ स्वयंपाकघराचा होता. परदेशी ओटा, मध्ये शेगडीवर पातेलं, दोन्ही बाजूंना टोपल्या. आजारी हाताने वस्तू उचलायची आणि पातेल्यात टाकायची. अक्का रोज खेळल्या, आणि रोज निकाल तोच. उजव्या टोपलीतलं सगळं पातेल्यात, डावीकडच्या टोपलीतलं जवळजवळ काहीच नाही. संगणकाने ओट्याचं चित्र काढून डावी बाजू लालभडक रंगवून दाखवली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. लकव्यात कधी कधी माणसाला डाव्या बाजूचं भानच राहत नाही. डोळे शाबूत असतात, पण डावीकडे जग आहे हेच मेंदू विसरतो. असा माणूस अर्धीच दाढी करतो, ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवतो आणि वर म्हणतो, भाजी वाढली नाही. अशा माणसाला शेगडीजवळ उभं करणं म्हणजे आगीशी खेळ. डावीकडे पदर पेटला तरी कळायचं नाही.

डॉक्टरांनी संगीताला हे सांगितलं. ती पटकन म्हणाली, "मग तसं लिहून द्या ना डॉक्टर. गॅसजवळ जायचं नाही, गरम भांडं धरायचं नाही, असं स्पष्ट लिहा."

मला ते खटकलं. रडणं नाही, विचारपूस नाही, आधी लिहून द्या. सासूचं स्वयंपाकघर सुनेच्या हाती येण्याचा एवढा सोपा रस्ता मी पाहिला नव्हता. अक्का भिंतीशी बसून ऐकत होत्या. उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी पदराखाली ठेवला.

तर आता माझा तिघांवर संशय. यंत्रावर तर होताच. सुनेवर आला. आणि खरं सांगायचं तर अक्कांवरही होता. कारण अक्कांची भांगाची रेघ सरळ होती. टिकली मधोमध होती. आणि एक दिवस दुपारी त्यांना केंद्रात जेवताना पाहिलं. घरून आणलेल्या ताटलीतला कण न् कण त्यांनी संपवला, मग ताटलीत पाणी घालून, ती बोटाने फिरवून धुतली आणि ते पाणी पिऊन टाकलं. त्यांच्यात तसं करतात, अन्न वाया जाऊ नये म्हणून. ताटली डावीकडे जेवढी लख्ख तेवढीच उजवीकडे. जिला डावी बाजू नाही, ती बाई ताटली अशी धुईल? मग ही म्हातारी डब्यात शिरली की डावीकडचं का सोडते? मुद्दाम करते? सुनेला धडा शिकवायला आजारपण लांबवणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी गुणांकडे बघायचं सोडलं आणि डब्यात दिसतं तेच दाखवणारा पडदा समोर ओढून बसले. खरं तर हे आम्ही आधीच करायला हवं होतं, पण गुण समोर असले की माणूस खेळ बघत नाही.

अक्कांचा डावा हात पडद्यावर दिसत होता. तो डावीकडे गेला. टोपलीवर गेला. बोटं उघडली, अशी सुंदर उघडली की मी खुर्चीत पुढे सरकले. खाली बटाटे होते. हात क्षणभर थांबला आणि मिटून मागे आला. पुन्हा गेला. टोपलीच्या मागे एक टोमॅटो होता आणि त्याच्या अलीकडे अंड्यांचा ट्रे. अक्कांनी मनगट उचललं, कोपर बाहेर काढलं, ट्रेला स्पर्श होऊ न देता हात वळसा घालून टोमॅटोपर्यंत नेला, तो धरला आणि त्याच वळणाने परत आणला. खांदा जागचा हलला नाही. एवढी नाजूक हालचाल त्या हाताकडून मला एकाही व्यायामात करून घेता आली नव्हती. संगणकाने तिला दिले जेमतेम गुण, कारण वेळ फार लागला.

जे दिसत नाही ते कोणी टाळत नाही. अक्कांना डावीकडचं सगळं दिसत होतं.

मी डबा काढला. "अक्का, डावीकडच्या टोपलीत काय होतं?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बटाटे. कांदे. गाजरं. आणि ते."

"ते काय?"

"ते पांढरं." अंड्याचं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही.

"मग उचललं का नाही?"

"बाई, मी जमिनीखालचं खात नाही. पातेल्यात कशी टाकू? आणि ते दुसरं तर..."

"अहो अक्का, ते खोटं आहे! नुसतं चित्र आहे!"

"हाव? पण पहिल्या दिवशी तुम्हीच बोलल्या ना, खरं समजून उचला, तरच हात सुधरेल. मग हाताला ते खरं आणि पापाला खोटं, असं कसं चालेल? आमच्या साध्वी महासतीजी सांगतात, पिठाचं जनावर करून कापलं तरी मनानं कापलंच."

माझ्या सगळ्या धंद्याचा पाया हाच की मेंदूला खोट्यातही खरं वाटतं. बाईने तो पाया माझ्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतला होता.

"मग सांगायचं तरी!"

अक्कांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "डॉक्टर बोलले, यात सगळं रेकॉर्ड होतं. मला वाटलं, परीक्षा चालू शे. आजारपणात म्हातारी नेम मोडते का, तुम्ही बठ्ठे मिळून बघताय."

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होते तेव्हा त्या माझ्यावर घेत होत्या. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. नेम सांभाळणाऱ्या बाईला आम्ही अर्ध्या जगाची आंधळी ठरवून घरी पाठवणार होतो, आणि तिचं स्वयंपाकघर कायमचं बंद करणार होतो.

डॉक्टर मनाने मोठे. त्यांनी ऐकलं, कपाळावर हात मारला आणि यंत्राच्या कंपनीला कळवलं, वस्तू बदला. कंपनीने विचारलं, बदलून काय टाकू? मी जळगावची. भरिताच्या वांग्याशिवाय मला दुसरं काय सुचणार? हिरवी, मोठी, गुबगुबीत वांगी टोपलीत आली. मी कौतुकाने अक्कांना डबा चढवला. हात टोपलीवर गेला आणि मागे आला.

"बाई, बियांचं शे हे. वांगं पण नाही चालत."

शेवटी कच्ची केळी टाकली. त्यांच्यात बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालतात, आणि केळीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध यावल-फैजपूरच्या इतक्या जवळ राहून आम्हाला ते सुचू नये! अक्कांनी टोपली रिकामी केली आणि पडद्यावरचा लाल रंग गेला. डॉक्टरांनी संगीताला बोलावून सांगितलं, भान शाबूत आहे, हळूहळू सगळं करू द्या. संगीता हसली नाही. "भांडं गरम असलं तरी?" तिने विचारलं. बघा, मी मनात म्हटलं.

त्यामुळे घरी जाऊन बघायचं मी ठरवलं. पेशंट घरी काय करतो ते घरीच कळतं, आणि घरचे त्याला काय करू देत नाहीत तेही. चातुर्मास सुरू झालेला. दुपार व्हायच्या आत मी जिना चढून वर गेले. संगीता मोरीशी कोथिंबीर धूत होती, शेगडीवरून नुकतीच उतरवलेली कढी दांड्याच्या तपेलीत ओट्यावर होती. मला पाणी दिलं. मी पेला तोंडाला लावते तोच खालून आवाज आला आणि दोन साध्वी जिन्यात दिसल्या. पांढरी वस्त्रं, तोंडावर पट्टी, हातात पात्रं.

मी उकडतंय म्हणून पंख्याच्या बटणाकडे हात नेला तर संगीताने डोळ्यांनीच दटावलं. त्या असताना पंखा, दिवा काही चालू-बंद करायचं नाही. आणि ज्याचा हात कच्च्या पाण्याला किंवा हिरव्या पाल्याला लागलेला आहे त्याने वाढायचं नाही, वाढणाऱ्याला शिवायचंही नाही. शिवलं तर ते अन्न साध्वींना चालत नाही. संगीताचे दोन्ही हात कोथिंबिरीने ओले. माझ्या हातात पाण्याचा पेला. घरात वाढण्याजोगं माणूस एकच होतं.

"मी देते," अक्का म्हणाल्या.

त्या उठल्या, पाय थोडा ओढत ओट्याशी गेल्या. उजव्या हाताने कढीच्या तपेलीचा दांडा डाव्या हातात दिला. बोटं मिटली. तपेली उचलली गेली, जराशी कलली, पुन्हा सरळ झाली. माझी नजर सवयीने खांद्यावर गेली. खांदा जागेवर होता. पळी भरली, पात्रावर गेली, रिकामी झाली. पुन्हा भरली.

आणि मग मला दिसलं. संगीता अक्कांच्या डाव्या बाजूला येऊन किंचित वाकून उभी होती आणि तिचे दोन्ही हात तपेलीच्या खाली होते. धरलं हिने, मी मनात म्हटलं. घरच्यांनी खालून आधार द्यायचा आणि पेशंट बरा झाला म्हणायचं, हे मी जन्मभर बघत आले आहे. इथे तर शिवायचीही बंदी, आणि तरीही. मला राहवलं नाही. जागेवरूनच मान वाकडी करून मी खाली पाहिलं.

तपेलीचा तळ आणि संगीताचे तळवे यांच्यात फट होती. बोट जाईल एवढी. तपेली हलली की ते हातही हलत होते, आणि फट तशीच राहत होती. आधार नव्हताच तो. अक्कांची पकड सुटली असती तर गोचरी संपलीच असती, मग संगीताच्या शिवण्या-न शिवण्याने काही फरक पडणार नव्हता. पण ती उकळती कढी अक्कांच्या पायावर पडण्याआधी त्या हातांवर पडली असती.

थेंबही सांडला नाही. साध्वींनी पात्र झाकलं आणि त्या जिना उतरून गेल्या. अक्कांनी तपेली ओट्यावर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. डावा हात उजव्याला नीट जाऊन भिडला.

संगीता भिंतीला टेकून उभी होती. मी जवळ गेले आणि सवयीने तिचे हात हातात घेऊन उलटे केले. मनगटावर भाजल्याचा जुना व्रण होता.

"दवाखान्यातून घरी आल्या त्याच आठवड्यात पदर शेगडीत गेला होता त्यांचा," ती म्हणाली. "त्या पाठमोऱ्या होत्या, मागच्या मागे मी हातानंच विझवला. त्यांना सांगितलं नाही, घाबरल्या असत्या. म्हणून लिहून मागत होते बाई. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकतील म्हटलं."

अक्कांचा हात त्या दिवशी स्थिर होता. त्याला माझी गरज नव्हती. माझ्या हातातला संगीताचा हात मात्र मी काही लगेच सोडला नाही.